बकऱ्यांनी सोडलेलं रान

अभनपूरजवळच्या आमच्या भर्रीत, म्हणजे बांध नसलेल्या उंचवट्याच्या तुकड्यात, गाजर गवत माजलं ते माझ्याच कारभाराने. बकऱ्या तण फुकटात संपवतील आणि वर लेंडीखतही मिळेल, हा हिशेब. रायपूरच्या चौबे कॉलनीत पंख्याखाली बसून शेती करणाऱ्याला असले हिशेब फार लवकर जमतात. राखणीला ठेवलेल्या राऊताने तेव्हाच सांगितलं होतं, "छेरी एला नइ खावय, बाबू." मी म्हटलं, भूक लागली की खातील.

बकऱ्यांनी आधी हरळी संपवली, मग शेवरा, मग झुडपांचे कोवळे शेंडे. गाजर गवताला दाबून धरणारं जे काही होतं ते सगळं गेलं. मोकळी, तुडवलेली जमीन या तणाला हवीच असते. महिन्याभरात ते फुलावर येतं आणि एकेक जोमदार झाड १५ ते २५ हजार बिया टाकतं. चारा उरला नाही तेव्हा बकऱ्यांनी नाइलाजाने त्यालाही तोंड लावलं आणि दूध कडवट झालं. त्यातल्या पार्थेनिनचा तो गुण. "चहात काय घातलंत?" असं घरात विचारलं गेलं, तेव्हा मी चहापत्तीवर खापर फोडलं.

मग कापणी काढली, तीही पांढरी फुलं वाळून गेल्यावर. ढीग कडेला रचला. पहिल्या वळवात बिया वाहून खालच्या धानाच्या बांधीपर्यंत पोचल्या. उरलेलं उघड्या हातांनी उपटलं. कोपरापर्यंत खाज उठली, ती मलमाने बरेच दिवस हटेना.

पण खरी लाज वाटते ती चरोट्याची. आपल्या विदर्भातला तरोटा, कोकणातला टाकळा. पावसाच्या सुरुवातीला तो दाट उगवला, तर मी तेही तणच म्हणून निंदून टाकायला लावलं. निंदणाऱ्या बायका कोवळी पानं भाजीसाठी ओट्यात भरत होत्या. मला ती कामचुकारी वाटली, आणि तसं मी बोललोही. चरोट्याला जनावरं सहसा तोंड लावत नाहीत आणि तो दाटला की खाली गाजर गवताची रोपं उन्हावाचून खुरटतात. जबलपूरचं तण संशोधन संचालनालयही त्याचं बी फेकायला सांगतं. हे मी पुढे वाचलं. त्या बायकांना विचारलं असतं तर भाजीच्या निमित्ताने तरी चार गोष्टी कळल्या असत्या.

१९५५मध्ये पुण्यात नोंदलं गेलेलं गाजर गवत देशभर पसरलं. त्यावर मेक्सिकोतून आणलेला भुंगा १९८४मध्ये बंगळुरूत सोडला गेला. तो पावसाळ्यात पानं चाळणीसारखी करतो, थंडीत जमिनीत दडून बसतो. आमच्याकडे तो आपसूक आला होता. कीड समजून मी त्याच्यावरच फवारा मारला.

आता चरोट्याच्या शेंगा थंडीत गोळा करून मृगाआधी बी फेकतो. गाजर गवत फुलण्याआधी, ओल्या जमिनीतून, हातमोजे घालून मुळासकट उपटतो. बी न धरलेलं असल्याने ते खताच्या खड्ड्यात चालतं. बकऱ्या पावसाळाभर भर्रीत सोडत नाही. धान कापल्यावर बांधीत जातात, तिथलं उरलंसुरलं गवत खातात.

सडकेच्या कडेचा पट्टा मात्र कुणीच साफ करत नाही. दरवर्षी बी तिथूनच येतं.