नारायण विनायक जगतापांना विसरू नकोस

आंधळगाव, ता. मोहाडी, जि. भंडारा

चि. भाचीबाईस,


तुझं पत्र काल आलं. मागितलंस काय, तर १९ जुलैला कॉलेजात जयंत नारळीकरांच्या जयंतीचा कार्यक्रम आहे, त्यात पाच मिनिटं बोलण्यापुरती माहिती. ती मी आनंदानं दिली असती. पण खाली ताजा कलम म्हणून जे खरडलंस ते वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. गोष्टींची वही रद्दीत घातलीस? कारण काय, तर खोलीतल्या मुली जपानी विज्ञानकथा वाचतात, त्यांच्यापुढं आपलं सगळं पोरकट वाटतं, आणि आंधळगावात लिहिण्यासारखं घडतंच काय! अवं बाई, हे तू लिहिलंस?

आधी तुझं काम करून टाकते. जन्म १९३८, कोल्हापूर. वाढले काशीला, कारण वडील विष्णु वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणित शिकवायचे. आई सुमतीबाई संस्कृतच्या जाणकार. तिथून केंब्रिज, रँग्लर, फ्रेड हॉइल यांच्या हाताखाली पीएच.डी. गुरुत्वाकर्षणाचा हॉइल-नारळीकर सिद्धान्त १९६४ चा. १९६५ साली पद्मभूषण, तेव्हा वय सव्वीस. १९७२ मध्ये परत येऊन मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, १९८८ पासून पुण्यात आयुका उभी केली. आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार, २०२१ मध्ये नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद. गेले २० मे २०२५ ला. हे सगळं तुझ्या कार्यक्रमात कोणीही वाचून दाखवील. तू ते एका दमात संपव आणि १९७४ या सालावर थांब.

त्या साली मराठी विज्ञान परिषदेनं विज्ञानकथांची स्पर्धा ठेवली होती. तिच्यात ‘कृष्णविवर’ नावाची कथा आली, लेखक नारायण विनायक जगताप. पहिलं बक्षीस तिला मिळालं. जगताप म्हणजे आपले नारळीकर; नावाची आद्याक्षरं उलटी केलेली. पद्मभूषण असलेला, वर्तमानपत्रांत फोटो छापून येणारा माणूस, त्याच्या नावानं कथा पाठवली असती तर परीक्षकांनी ती वाचायच्या आधीच हात जोडले असते. त्यांना ते नको होतं. कथा कथा म्हणून उभी राहते का, एवढंच बघायचं होतं. आणि तू मला लिहितेस की आंधळगावच्या कोष्ट्याच्या पोरीला कोण विचारतं! तुझ्यापाशी नाव नाही म्हणून तू लेखणी टाकलीस, त्यांनी असलेलं नाव उतरवून ठेवून लेखणी धरली. माझं तर ठाम मत आहे, आणि ते शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं आहे, की पहिली दहा वर्षं कोणाच्याच कथेवर नाव छापू नये. आपोआप कळेल कोण लिहितो ते.

त्यांच्या गुरूंनीही कादंबऱ्या लिहिल्या. हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ १९५७ ची. त्या घराण्यात फळ्यावरचं समीकरण आणि गोष्ट यांची कधी फारकत झालीच नाही. म्हणून भौतिकशास्त्र घेतल्यावर गोष्टींना वेळ कुठून आणू, हे रडगाणं माझ्यापुढं गाऊ नकोस.

आता तुझे जपानी. साक्यो कोमात्सु मीही वाचलाय हो, इंग्रजीतून का होईना. १९३१ चा, ओसाकाचा माणूस, क्योतो विद्यापीठात इटालियन साहित्य शिकला. १९७३ मध्ये त्याची कादंबरी आली, अख्खा जपान समुद्रात बुडतो ती, आणि त्या देशात घरोघर वाचली गेली. का वाचली गेली? पायाखालची जमीन हलते हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्यानं लांबचं काही आणलं नाही, आपल्याच लोकांची भीती घेतली आणि भूगर्भशास्त्र नीट समजून घेऊन शेवटापर्यंत नेली. त्याच्या पुढच्याच वर्षी इकडे जगतापांची कथा. नारळीकरांनी तरी दुसरं काय केलं? ‘हिमप्रलय’मध्ये बर्फ पडतो तो मुंबईत. गंगाधरपंतांच्या कथेत पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागत नाही, कानाजवळून निघून जाते, आणि त्या एका सुताच्या फरकानं मराठे जिंकलेला निराळा हिंदुस्थान समोर येतो. ‘धूमकेतू’ आठव. पृथ्वीवर आदळू पाहणारा धूमकेतू शास्त्रज्ञ वळवतात, आणि तो शोधून काढणाऱ्याच्याच घरी संकट टळावं म्हणून यज्ञ चाललेला असतो. श्रेय कोणाचं हा वाद एका स्वयंपाकघरात आणून ठेवला त्यांनी. असं घर तू पाहिलेलं नाहीस? तुझ्या आजीचं आणि बाबांचं ग्रहणाच्या दिवशीचं भांडण मी अजून विसरलेले नाही.

आंधळगावात काय घडतं म्हणतेस. २ एप्रिल २०२२, गुढीपाडवा, संध्याकाळ. आपण अंगणात होतो. आभाळातून जळत जळत गेलेली ती ओळ तूच आधी पाहिलीस आणि किंचाळलीस. शेजारची म्हातारी मला विचारायला आली, “आभायातून का पडलं वं मास्तरीनबाई?” दुसऱ्या दिवशी कळलं, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीला लोखंडी चाकासारखं भलंमोठं कडं येऊन पडलं. चिनी रॉकेटचा तुकडा असावा असं जाणकारांनी सांगितलं. आपल्या झाडीपट्टीतल्या गावात अवकाशातली वस्तू उतरली, बाई! ती बघायला गावाची जत्रा लोटली. टोकियोत असं झालं असतं तर एव्हाना त्याच्यावर दहा कादंबऱ्या झाल्या असत्या. आपल्याकडं वर्तमानपत्राचा कागद जुना झाला आणि लोक विसरले.

आणि तुझी कोसा रेशमाची कथा. बंद पडलेल्या मागाच्या खोलीत रात्री कोसे आपले आपणच सुटू लागतात आणि सकाळी माग कोणी न विणलेल्या नक्षीनं भरलेला असतो. शेवट कच्चा होता, तो तुला तेव्हाच सांगितला होता. कोसा असं का वागतो त्याचं कारण तू दिलंच नव्हतंस, आणि कारण नसेल तर ती भुताची गोष्ट होते. पण सोड्याच्या पाण्यात उकळलेले कोसे गाडग्यातून काढून तुझी आजी उघड्या मांडीवर धागा वळते, त्या जागेची कातडी कशी गुळगुळीत, केसही न उरलेली झाली आहे, हे जे चार ओळींत लिहिलं होतंस, ते कोणत्याही जपान्याला लिहिता येणार नाही. त्यानं मांडी पाहिलेली नाही. ते पान रद्दीत?

मला आणखी एक म्हणायचं आहे, आणि हे मी वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपनीवाल्यांनाही ऐकवणार आहे. धान निघालं की आपल्याकडं रात्रभर नाटकं होतात, शंकरपट असला की मंडप फुटेस्तोवर माणूस जमतं. तेच तेच सासू-सुनेचे अश्रू किती दिवस? लाडबोरीचं कडं येऊ दे ना रंगमंचावर. विज्ञानकथा वहीत कशाला राहावी? पहाटे चारला घोंगडी पांघरून बसलेल्या शेतकऱ्यापुढं ती उभी राहिली पाहिजे. नारळीकर मुलांना सही देत नसत. पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव म्हणत, आणि उत्तर लिहून त्याखाली सही करत. एवढ्या मोठ्या माणसाला खेड्यातल्या पोराचा प्रश्न पोस्टकार्डाच्या मोलाचा वाटला, आणि आपण आपल्याच लोकांना अडाणी समजून बसलो.

हसतात म्हणून सोडू नये गं. महास्फोटाचा सिद्धान्त जगानं उचलून धरला, तेव्हा हॉइल आणि नारळीकर वेगळंच सांगत राहिले. पुरावे त्यांच्या बाजूनं फारसे आले नाहीत, शास्त्रज्ञांच्या सभेत ते कायम मूठभरांतले. तरी नव्या निरीक्षणांशी ताडून आपलं म्हणणं सुधारत गेले, पुढं १९९३ मध्ये ते पुन्हा नव्या रूपात मांडलं. तुला तर नुसत्या खोलीतल्या चार मुली हसल्या.

की त्या हसल्याच नाहीत? हे लिहिताना मला तीच शंका येते आहे. तुझं अक्षर या वेळी फार बारीक आहे, ओळी खाली उतरलेल्या. दिवाळीच्या वेळी अशीच गप्प झाली होतीस, आणि कारण भलतंच निघालं होतं. मेसचे पैसे बाबांनी पाठवले का? त्यांच्याशी बोलणं होतं, की अजून तेच चाललं आहे? लग्नाचं काही कानावर आलं असेल तर मला सरळ कळव, मी अजून जिवंत आहे आणि तुझ्या आईशी बोलू शकते. खोकला गेला का? रात्री जागू नकोस, आणि पैसे संपले असतील तर लाजू नकोस, पेन्शन पहिल्या आठवड्यात जमा होते. पत्र मिळाल्याबरोबर फोन कर, आणि बाहेर येऊन एकटी असताना कर, म्हणजे नीट बोलता येईल.

तुझी मावशी