लुगड्याचे काठ

लुगडं विरतं ते मधून. उठता-बसता जिथे ओढ बसते तिथलं सूत आधी जातं; काठ शाबूत राहतात, कारण तिथे उभे धागे दाटीनं भरलेले असतात. वसईजवळच्या चिंचोटीत आमच्या कौलारू घरात हे मला आढ्याकडे बघूनच कळलं. स्वयंपाकघरात बहालाला घायपाताच्या दोराचं शिंकं असे. त्यात दूध, दही, लोणी; मांजर आणि मुंग्या दोघांपासून लांब. ओटीवर बाळाची झोळी. ती आजीच्या जुन्या लुगड्याची, इचलकरंजीच्या. त्या गावात १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला आणि पुढे तिथली सुती लुगडी घरोघरी गेली. झोळी बांधताना आजी काठ मुठीत एकवटून मगच गाठ मारायची. “भार काठावर घे गो, मधल्यावर नको,” एवढंच सांगायची.

त्या झोळीत मी झोपले, माझ्या पाठचा भाऊ झोपला. मग लुगड्याचा मधला भाग आईनं गोधडीत घातला आणि काठ फाडून त्यांची गुंडाळी पेटीत ठेवली. काय करणार त्यांचं, हे तिलाही ठाऊक नसावं. चांगलं सूत टाकवत नाही, हेच कारण पुरेसं असे तिच्या पिढीला.

वसई-विरार महापालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा २०१४ साली. त्याच वर्षांच्या आगेमागे आमचं घर उतरलं. आता इमारतीतल्या घराच्या खिडकीतून महामार्ग दिसतो आणि त्याच्या पलीकडे तुंगारेश्वरचा डोंगर. जमीन नाही, म्हणून झाडं वर टांगायची. बाजारात सुती दोरीच्या गाठींची शिंकाळी मिळतात. १९७०च्या दशकात पाश्चात्त्य घरांतही त्यांचं वेड होतं. दिसतात सुरेख. पण कुंडी चार दोऱ्यांवर टेकते, वाऱ्यानं कलते, आणि माझं मन त्यात रमलं नाही. मला कापड हवं होतं, जे कुंडीला खालून पोटाशी धरील.

पेटीतली गुंडाळी तेव्हा बाहेर आली.

बुडाला भिवंडीच्या मागावरचं कोरं कापड, दुहेरी. चिंचोटीहून कामणमार्गे जाणारा रस्ता थेट त्या मागांच्या गावी जातो, त्यामुळे हे कापड आमच्याकडे परकं नाही. ते उभ्या धाग्यातच कापायचं. उरेब कापलं तर वजनानं ताणत जातं आणि कुंडी दर आठवड्याला खाली येते. काठाच्या दोन लांब पट्ट्या बुडाखालून फुलीत न्यायच्या आणि त्यांची चारही टोकं वर कडीत घ्यायची. सगळी मेख इथे आहे. पट्ट्या नुसत्या कडेला शिवल्या तर सगळा भार टाक्यांवर येतो. खालून गेल्या तर टाक्यांचं काम फक्त त्यांना जागेवर ठेवण्याचं. ओली माती जड असते, एका लिटर पाण्याचंच एक किलो. शिवायला दोरा पॉलिएस्टरचा घेते. सुती दोरा ओलाव्यात कुजतो, आणि आमच्याकडच्या पावसाळ्यात भिंतीसुद्धा कोरड्या राहत नाहीत. कापडही सुतीच, म्हणून कुंडीखाली आत थाळी ठेवायची आणि जूनमध्ये सगळं घरात घ्यायचं. छताला फिशर ठोकून हुक.

त्यात मनीप्लांट आहे. महामार्गाची धूळ पानांवर बसते, ती ओल्या फडक्यानं पुसावी लागते. पुसताना काठावरची नक्षी हाताखाली येते, तेव्हा मला आजीची मूठ आठवते, दर वेळी. एका झोळीनं दोन मुलं वाढवली आणि तिचेच काठ आता हे झाड सांभाळतात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पुण्याहून लेक म्हणाली, “आई, मलाही एक शिवून दे, पण तुझ्या साडीचं.” माझ्या साड्या सहावारी, काठ अरुंद. दोन-दोन काठ एकावर एक जोडून पट्टी करावी लागेल, आणि एवढ्या जाडीला मशीनची सोळा नंबरची सुई पुरायची नाही. अठराची आणली आहे.