चाकांवरचे बिऱ्हाड

आषाढ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ओथंबलेले आभाळ उभे राहते. त्याच महिन्यात पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला ऐन हिवाळा असतो, हे शाळेत भूगोलाच्या तासाला शिकलेले असले तरी मनाला कधी पटलेले नसते. आमची कन्या व जावई न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, क्राइस्टचर्च येथे राहतात. गेल्या वर्षी आषाढाच्या प्रारंभी आम्ही उभयता वडोदऱ्याहून त्यांच्याकडे गेलो आणि विमानतळाबाहेर पाऊल टाकताच तो भूगोल हाडांपर्यंत पोहोचला.

जावईबापूंनी आठ दिवसांची रजा काढून एक ‘कॅम्पर व्हॅन’ भाड्याने ठरविली होती. हे वाहन म्हणजे चाकांवरचे बिऱ्हाडच. पुढे चालकाची बैठक; मागे दोन शेगड्यांची चूल, हात धुण्याचे भांडे, भिंतीतली कपाटे आणि रात्री अंथरूण होणारे घडीचे मेज. एका कोपऱ्यात कपाटाएवढे शौचालय. पोटाखाली एक टाकी स्वच्छ पाण्याची, दुसरी सांडपाण्याची. तीन दिवस पुरेल इतके पाणी व तितक्या दिवसांचे सांडपाणी ज्या वाहनात साठविता येते त्याला त्या देशात दाखला मिळतो, आणि कित्येक सार्वजनिक जागी रात्रीचा मुक्काम अशाच वाहनांना करू देतात. ‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपण थट्टेने वापरतो; पण आमचे पूर्वज गायकवाडांच्या फौजेमागून गुजरातेत उतरले ते असेच, संसार गाड्यांवर लादून. तेव्हा ही तऱ्हा आमच्या रक्ताला अगदीच परकी नव्हती.

या बिऱ्हाडाने आम्हांस पहिला धडा दिला तो मोजून वागण्याचा. घरी आपण नळ सोडतो. पाणी येते कोठून आणि जाते कोठे, हे विचारीत नाही. येथे तांदूळ धुतलेले पाणीसुद्धा त्या टाकीत जमा होई, आणि ती टाकी ठरलेल्या ‘डंप स्टेशन’वर नेऊन आपल्याच हातांनी रिकामी करावी लागे. आमच्या सौ.ने दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकाचा क्रम बदलला. सकाळी कुकरमध्ये वरण-भात एकदम शिजे, रात्री पिठले. भांडी आधी कागदाने पुसून मग दोन तांब्यांत विसळली जात. उजेड आणि ऊब यांचेही तसेच. सूर्य आठाच्या सुमारास उगवे आणि पाचला मावळे. हीटर रात्रभर चालू ठेवला तर डिझेल जाई आणि बंद केला तर पहाटे काचांवर आतल्या बाजूने आमच्याच श्वासांचा बर्फ जमे.

क्राइस्टचर्चहून निघून सपाटीची शेते मागे टाकीत आम्ही बर्क्स खिंडीतून मॅकेन्झीच्या पठारावर चढलो. या मुलुखाचे नाव एका मेंढीचोरावरून पडले आहे. १८५५ साली जेम्स मॅकेन्झी हजार मेंढ्यांच्या कळपासह येथे पकडला गेला आणि पुढच्याच वर्षी त्याला माफीही मिळाली. इतक्या विस्तीर्ण माळावर एक सबंध कळप लपविता येईल असे कुणास वाटले तर त्यात नवल नाही! टेकापो सरोवराचे पाणी निळ्या दुधासारखे दिसते. हिमनद्या खडक दळतात, त्याचे पीठ पाण्यात तरंगत राहते आणि त्यावरून परतणाऱ्या प्रकाशाने हा रंग उमटतो.

त्या रात्रीचा मुक्काम सरोवराकाठीच होता. २०१२ पासून हा प्रदेश रात्रीच्या अंधारासाठी राखीव मानला गेला आहे. गावातले दिवेदेखील खाली मान घालून जळतात. पहाटे चंद्र मावळल्यावर जावईबापूंनी आम्हांस उठविले. ईशान्येस डोंगराच्या कडेवर ताऱ्यांचा एक लहानसा झुबका वर येत होता. सौ. चटकन म्हणाली, ‘‘अहो, या तर कृत्तिका!’’ माओरी लोक यांनाच ‘मातारिकी’ म्हणतात. ऐन हिवाळ्यात त्या पहाटे पुन्हा दिसू लागल्या की त्यांचे नवे वर्ष सुरू होते. वर्षभरात गेलेल्यांची आठवण काढतात आणि पुढच्या पिकांची चिन्हे ताऱ्यांत पाहतात. २०२२ पासून या दिवशी साऱ्या देशाला सुटी असते. कार्तिकस्वामीच्या सहा माता त्या परमुलखात कुणाचे तरी वर्ष उजाडीत आहेत, हे पाहून थंडीचा विसर पडला.

पुढे पुकाकी सरोवराच्या काठाने रस्ता सरळ देशातल्या सर्वोच्च शिखराकडे जातो. त्याचे माओरी नाव आओराकी, इंग्रजी नाव माउंट कुक. १९९८ च्या कायद्याने दोन्ही नावे जोडून लिहिली जातात. न्गाइ ताहू लोकांची कथा अशी की, आओराकी व त्याचे भाऊ नावेतून आले, नाव उलटून अडकली, भाऊ तिच्या पाठीवर बसले आणि गारठून दगड झाले. ती नाव म्हणजेच हे दक्षिण बेट. उंची ३,७२४ मीटर, म्हणजे हिमालयाच्या मानाने ठेंगणीच. पण हे शिखर तळ्याच्या पातळीपासून एकदम उभे राहत असल्यामुळे मान वर करावीच लागते. १९४८ साली त्याच्या दक्षिण धारेवरून प्रथमच चढून गेलेल्या तुकडीत एडमंड हिलरी होते. पाच वर्षांनी ते तेनसिंगांसह एव्हरेस्टवर पोहोचले आणि पुढे १९८५ ते १९८९ या काळात दिल्लीत आपल्या देशाचे उच्चायुक्त म्हणून राहिले. जवळच टास्मान हिमनदी आहे. तिच्या पायथ्याशी १९७३ साली तळे नव्हते. आज तेथे काही किलोमीटर लांबीचे करडे पाणी पसरले आहे आणि त्यात बर्फाचे तुटलेले कडे तरंगतात. आमच्या हयातीत एवढा बर्फ वितळला, हे डोळ्यांनी पाहताना मन उदास झाले.

तेथून ९७१ मीटर उंचीची लिंडिस खिंड ओलांडली. दोन्ही बाजूंचे डोंगर पिवळ्या गवताचे, वरून पिठी भुरभुरल्यासारखे. या वाटेवर भय असते ते काळ्या बर्फाचे. सावलीच्या वळणावर डांबरावर पातळ, पारदर्शक बर्फाचा थर बसतो. तो दिसत नाही, म्हणूनच घातक. त्यामुळे सकाळी दहाच्या आधी निघायचे नाही आणि चारनंतर चालायचे नाही, असा जावईबापूंचा दंडक होता.

आमचे अखेरचे ठिकाण होते मिलफर्ड साउंड. समुद्र तेथे उंच कड्यांच्या आत घुसला आहे. ते आनाऊ या गावाहून तो रस्ता सुमारे १२० किलोमीटर. गावाच्या टोकाला फलक होता : हिमप्रपाताच्या धोक्यामुळे रस्ता बंद. तो दिवस गेला, दुसराही गेला.

त्या सक्तीच्या विश्रांतीत आम्हांस या रस्त्याची हकीगत कळली. वाटेवर होमर बोगदा आहे, सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा. मंदीच्या काळात, १९३५ साली, पाच मजुरांनी कुदळी आणि हातगाड्या घेऊन त्याचे काम सुरू केले. तंबूत राहून, सूर्य महिनोन्‌महिने न दिसणाऱ्या दरीत. हिमप्रपातांनी तिघांचा बळी घेतला, मध्येच महायुद्ध आले, आणि वाहतूक सुरू व्हायला १९५४ साल उजाडले. १९८३ साली रस्ता मोकळा ठेवणारा एक कामगार बर्फाखाली गेला. तेव्हापासून येथे एक व्यवस्था उभी राहिली : शिखरांवर हवामानाची यंत्रे, बर्फाच्या थरांची तपासणी, आणि धोका वाढला की रस्ता रिकामा करून हेलिकॉप्टरमधून स्फोटके टाकून बर्फ मुद्दाम खाली आणणे. धोक्याच्या पट्ट्यात मोटार थांबविण्यासही मनाई असते.

तिसऱ्या दिवशी एकादशी होती, आषाढी. सकाळी साबुदाण्याची खिचडी झाली. फलक तसाच होता. दुसऱ्या दिवशी परतीस निघणे भाग होते. वाहन परत करावयाचे होते, जावईबापूंची रजा संपत होती. कन्येच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. ‘‘बाबा, एवढ्या लांबून आलात, आणि पुन्हा कधी येणे होईल...’’ वाक्य तिने पुरे केले नाही; करण्याची गरजही नव्हती. आमची वये तिला ठाऊक आहेत. सरोवरापलीकडे ढग क्षणभर फाटले होते आणि बर्फाची चार शिखरे उन्हात आली होती. सौ. त्यांच्याकडे बोट दाखवून म्हणाली, ‘‘अगं, गर्दीत देवळापर्यंत न पोहोचलेला वारकरी कळसाला हात जोडतो आणि घरी परततो. त्याची वारी काय बुडते?’’ मग तिने खरोखरीच हात जोडले. कन्याही हसली, आणि उरलेली खिचडी आम्ही शेजारच्या वाहनातल्या वृद्ध जोडप्यास नेऊन दिली. तेही तीन दिवस थांबलेलेच होते.

ज्यांची मुले त्या देशात आहेत अशा वाचकांस दोन शब्द सांगावेसे वाटतात. बहुतेक आईवडील तिकडचा हिवाळा टाळतात. अंगात बळ असेल तर तो टाळू नये. मोटारी तेथे आपल्यासारख्याच डावीकडून चालतात. खाण्याचे जिन्नस येथून नेल्यास विमानतळावर ते सांगावेच लागतात; तेव्हा डाळ-तांदूळ तिकडेच घ्यावेत. चाकांना बांधण्याच्या साखळ्या गाडीत असाव्यात आणि त्या कशा बांधावयाच्या हे सपाटीवरच शिकून घ्यावे. आणि परतीच्या तारखेआधी दोन दिवस मोकळे ठेवावेत. ते पुरतीलच असे मात्र नाही. डोंगरात रस्ता उघडणारी माणसे असतात तशीच तो बंद ठेवणारीही असतात, आणि दुसऱ्यांचे काम पहिल्यांहून हलके नाही. वडोदऱ्यास परतल्यावर आमच्या घरात नळ पूर्वीइतका मोकळा सुटत नाही. मिलफर्ड साउंड मात्र अद्याप पाहावयाचे राहिले आहे. कन्येने पुढच्या हिवाळ्याचे, म्हणजे आपल्या आषाढाचे, नाव आत्तापासूनच काढले आहे.