चिमीचा पाय

स्मरणिकेसाठी एखादी आठवण लिहावी, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. विद्यालयाच्या वाटचालीविषयी, निकालांविषयी माझे सहकारी लिहितीलच. मला मात्र आपल्या वसतिगृहातील एका लावरीविषयी आणि तिच्या निमित्ताने घडलेल्या माझ्या चुकीविषयी लिहावयाचे आहे.

ही लावरी रानातली नव्हती. रानातल्या लाव्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. ही बाजारात बटेर म्हणून विकली जाणारी, शेडमध्ये वाढणारी जपानी जात. एका पालकांनी ती मुलांना भेट दिली आणि मुलांनी तिचे नाव चिमी ठेवले. लावरी दचकली की सरळ वर उसळते आणि डोके आपटून घेते, म्हणून पिंजऱ्याला आतून वरच्या बाजूस कापड लावले. तळाला जुने गोणपाट मी स्वतः अंथरले.

एके दिवशी सकाळच्या वंदनेनंतर पाहिले, तर चिमी एका पायावर उभी होती. दुसरा पाय सुजलेला, एक बोट काळेनिळे पडलेले. त्या वर्षी आठवीत फासेपारधी समाजातील एक मुलगा नव्याने दाखल झाला होता. फास कसा लावतात, हे त्याने एकदा मित्रांना मैदानावर दाखविले होते. मी कोणताही विचार न करता त्याला कार्यालयात बोलावले.

“काल तू पिंजऱ्यापाशी होतास?”

“व्हतो, सर.”

त्याने अधिक काही सांगितले नाही. थोड्या वेळाने एवढेच विचारले, “तिला बघू का?”

त्याने चिमीला फडक्यात अलगद गुंडाळले, पाय उजेडाकडे धरला आणि म्हणाला, “सर, फास बसलाय. तागाचा दोरा हाय.” चष्मा लावूनही मला तो दिसला नव्हता. गोणपाटाचा एक तंतू बोटाच्या मुळाशी गुंडाळून कातडीत रुतला होता. त्याने कोमट पाणी, सुई आणि बारीक कात्री मागितली. “ओढला तर आवळतो. उलटा सोडवाया लागतो,” असे म्हणत त्याने पाव तासात तो तंतू तुकड्यातुकड्याने काढला. ज्या घरात पिढ्यान्‌पिढ्या फासे विणले गेले, त्या घरातील बोटे ती!

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांनी जखम स्वच्छ केली. पक्ष्याला माणसांची वेदनाशामक गोळी देऊ नका, अशी ताकीद दिली. चिमीला पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ टॉवेलवर, उबेत ठेवले. उठावे लागू नये म्हणून दाणा आणि उथळ ताटलीतले पाणी चोचीजवळ ठेवले. रोज संध्याकाळी टॉवेल बदलावयास तो मुलगाच येत असे. काळे पडलेले टोक काही दिवसांनी गळून पडले. तिसऱ्या आठवड्यात ती किंचित लंगडत चालू लागली.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरविले आणि स्वतंत्र भारतात १९५२ मध्ये तो रद्द झाला, हे मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो. तो कायदा त्या सकाळी माझ्याच मनात जिवंत निघाला.

बाबासाहेबांच्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथातील सिद्धार्थ आणि देवदत्त यांचा प्रसंग मी मुलांना कितीदा तरी वाचून दाखविला आहे. पक्षी कोणाचा, या वादाच्या निवाड्यावरच माझा भर असे. त्या रात्री पुन्हा वाचताना क्रम ध्यानात आला. सिद्धार्थाने आधी बाण काढला, जखम बांधली, पाणी पाजले, छातीशी धरून ऊब दिली. बाण कोणी मारला, हा प्रश्न त्यानंतरचा. मी जखमेकडे पाहण्याआधीच आरोपी शोधला होता.

दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी म्हणालो, “गोणपाट मी अंथरले आणि संशय याच्यावर घेतला. मी याची क्षमा मागतो.” त्याने मान खाली घातली आणि शेजारच्या मुलाला विचारले, “चिमीला आज दाणा कुणी घातला?”

तो विद्यार्थी पुढे दहावी होऊन बाहेर पडला. ही स्मरणिका कदाचित त्याच्या हाती पडेल. माझ्या क्षमायाचनेला त्याने त्या दिवशी उत्तर दिले नाही आणि ते मागण्याचा मला अधिकारही नाही. एवढेच कळवितो, की त्या दिवसानंतर पिंजऱ्यात गोणपाट कधी अंथरले नाही आणि कोणत्याही मुलाला कार्यालयात बोलावण्यापूर्वी मी आधी पिंजऱ्याकडे जाऊन येतो.

जय भीम!