विहिरीत डोकावणारी पोरं

आमच्या गावात कुणाचाही मोबाइल उघडा, श्रमदानाचे फोटो सापडतील. घमेली, टिकाव, रापलेले चेहरे, मागे हलगी. पाण्याच्या ताळेबंदाचा, म्हणजे पाणी किती आलं नि किती गेलं या हिशेबाचा, फोटो मात्र एकाकडेही नाही. मला त्या ताळेबंदाविषयीच लिहायचंय.

गाव माणदेशातलं, मी इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षिका. पाणी फाउंडेशनची जलसंधारणाच्या कामांची वॉटर कप स्पर्धा माण तालुक्यात आली तेव्हा आमचं गावही उतरलं. ८ एप्रिल ते २२ मे, ऐन उन्हाळ्यात. २०१८ ला तालुक्यातल्याच टाकेवाडीनं राज्यात पहिला नंबर काढला, तेव्हा तर आमच्याकडे ईर्षाच पेटली. आमचा नंबर कधी लागला नाही; पण डोंगरावर सलग समतल चर झाले, ओढ्यात दगडी बांध पडले, खाली माती नाला बांध उभे राहिले. माथ्यापासून पायथ्याकडे, हा क्रम आता लहान पोरंही चुकत नाहीत.

चर नेमका कुठं खणायचा हे पोरं हायड्रोमार्करवर शिकली. दोन पट्ट्या, त्यांना जोडणारी पारदर्शक नळी, नळीत पाणी. दोन्ही पट्ट्यांवर पाणी एकाच आकड्याला थांबलं की दोन्ही जागा एका पातळीत. तिथं फक्की टाकायची. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर सगळंच चुकतं, म्हणून सातवीतली एक मुलगी नळीवर टिचक्या मारत बसायची. भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषा फळ्यावर मी कितीदा काढल्या असतील. डोंगरावर त्या एका सकाळीत समजल्या.

पुढं चांगला पाऊस झाला, चर तुडुंब भरले, विहिरी वर आल्या. आणि दिवाळी उलटली तशी बोअरच्या गाड्या गावात शिरल्या. रात्र-रात्र घरघर. ज्या माळावर ज्वारीसुद्धा जेमतेम यायची तिथं उसाची लागण दिसायला लागली. दोष तरी कुणाला द्यायचा? वर्षानुवर्षं टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला पाणी दिसल्यावर थांब म्हणणं सोपं नाही. पण मार्चमध्ये पुन्हा विहिरींचे तळ दिसले आणि लोक म्हणाले, पाऊसच कमी पडला.

पाऊस किती पडला हे कुणी मोजलंच नव्हतं. म्हणून शाळेत पर्जन्यमापक केला. सरळ उभ्या बाजूंची बाटली घ्यायची, वरचा भाग कापून तोच उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा. तळ खोलगट असतो, तिथं खडे घालून शून्याच्या रेघेपर्यंत पाणी भरून ठेवायचं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर, एका हेक्टरवर दहा हजार लिटर. गणित सोपं जावं म्हणून शिवार हजार हेक्टर धरलं आणि पाऊस ४५० मिलिमीटर. उत्तर आलं ४५० कोटी लिटर. शून्यं मोजताना वर्गात दंगा झाला. मग मी विचारलं, यातलं जमिनीत किती मुरतं? आपल्या काळ्या खडकात दहा टक्क्यांच्या आसपास मुरलं तरी पुष्कळ. बाकीचं वाहून जातं, वाफ होतं, पिकं पितात. दंगा शमला. एक हेक्टर उसाला वर्षाकाठी दोन कोटी लिटरच्या घरात पाणी लागतं, हे सांगितल्यावर एकानं लगेच भागाकार केला आणि वडिलांचा ऊस किती, हे न विचारता सांगून टाकलं.

विहिरींची मोजणी त्यातूनच निघाली. पहाटे, मोटार सुरू व्हायच्या आधी, मोठी माणसं बरोबर घेऊन. टेपला वजन बांधून तो विहिरीत सोडायचा. वजन पाण्याला टेकल्याचा आवाज आला की टेपवरचा आकडा वहीत. दर पंधरवड्याला हे आकडे शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर लागायचे. एका बागायतदारानं मला रस्त्यात गाठलं. "बाई, पोरांना शिकवायचं ते शिकवा, आमच्या विहिरीत कशाला डोकावताय?" मी म्हटलं, "दादा, तुमच्या विहिरीत नाही, गावच्या पाण्यात डोकावतोय." ते पटलं असं नाही. पण फळ्यापाशी थांबून आकडे वाचताना मी त्यांना पाहिलंय.

हिवरे बाजार या गावात पोपटराव पवारांनी पाण्याचा असा हिशेब कधीचाच रुजवलाय: शेतीसाठी बोअर नाही, आधी प्यायचं पाणी, उरेल त्यात पिकं. आमची माणसं तिथं जाऊन आली, जेवली, भारावली. परतीच्या गाडीत मात्र एकच वाक्य ऐकू येत होतं, "तिथलं वेगळं आहे."

माझं मत सांगते. चर खणायला अंगात रग लागते, ती आमच्याकडे भरपूर आहे. हिशेब मांडला की शेजाऱ्याला तोंडावर नाही म्हणावं लागतं, आणि गावात नाही म्हणणं महाग पडतं. म्हणून ते काम पोरांकडून सुरू झालं हे बरंच झालं. त्यांच्यावर राजकारणाचा शिक्का बसत नाही.

गेल्या ग्रामसभेत आठवीच्या मुलांनी आकडे वाचून दाखवले. बोअरबंदीचा ठराव बारगळला. नवा ऊस ठिबकवरच लावायचा आणि टंचाई दिसली तर उन्हाळी पिकं घ्यायची नाहीत, एवढं कसंबसं मंजूर झालं. ठिबकचं कितीजण पाळतात हे आता पोरांनीच वहीत नवा रकाना आखून लिहायला घेतलंय. त्यावर पालकांची तक्रार माझ्याकडे आलेली आहे.