कारणाची जागा मोकळी ठेवा

शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतली केसगळती आता माझ्या प्रत्येक वर्गात असते. डॉक्टरांना वैद्यकीय पुरावा शोधायला शिकवणं आणि त्यांचा शोध तपासणं हे माझं काम. प्रश्न असा : जानेवारी २०२५, धडधाकट माणसांचे केस हातात येतायत, तीन-चार दिवसांत टक्कल पडतंय. वैद्यकीय लेखांच्या पबमेड सूचीत काय शोधाल?

निदान मी विचारत नाही. टाइप केलेला प्रत्येक शब्द, त्याच क्रमाने, लिहून मागते. २००३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेली फ्रेस्नो चाचणी मला याचसाठी आवडते. ती पर्याय देत नाही. कसं शोधाल आणि तसंच का, हे लिहायला लावते.

बहुतेकांच्या पहिल्याच ओळीत ‘पाणी’ येतं. साहजिक आहे. तिथल्या खारपाणपट्ट्यात मूत्रपिंडाचे रुग्ण पाहिलेला डॉक्टर आधी पाण्यावरच संशय घेणार, आणि या गावांतल्या पाण्याच्या नमुन्यांत नायट्रेटही जास्त निघालं होतं. पण केसगळतीला ‘अँड’ लावून पाणी जोडलं, की ज्यात पाणी नाही असा एकही लेख समोर येत नाही. संशय पडताळायच्या आधीच बाकीची दारं बंद होतात. इथे मी सढळ हाताने गुण कापते.

चांगला शोधणारा ‘अलोपेशिया’, ‘हेअर लॉस’ हे शब्द ‘ऑर’ने बांधतो, त्यांना साथ आणि विषबाधा जोडतो, कारण मात्र लिहीत नाही. त्या वाटेने चीनमधल्या एन्शीपर्यंत जाता येतं. तिथली केसगळतीची साथ १९६१ ते ६४ची, तिच्यावरचा लेख १९८३चा. दुष्काळात भात बुडाला, लोक मका आणि भाजीपाल्यावर जगले, आणि मातीतलं सेलेनियम त्यातून पोटात गेलं.

फेब्रुवारी २०२५मध्ये महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी शेगावच्या साथीतही सेलेनियमकडेच बोट दाखवलं. त्यांच्या मते ते रेशनच्या गव्हातून आलं.

एन्शीच्या लेखात केसांबरोबर नखं गळाल्याचीही नोंद आहे. शेगावच्या गावांतून नखं गळायच्या तक्रारी एप्रिलमध्ये आल्या. म्हणून माझ्या गुणांच्या तक्त्यात शेवटचे गुण एका प्रश्नाला आहेत : सापडलेल्या लेखावरून उद्या रुग्णाच्या अंगावर आणखी काय पाहाल?