धूर, ब्रेक आणि एक रबरी नळी

मैत्रिणींनो, मिक्सर बंद पडला की आपण आधी प्लग बघतो, मग वायर, आणि मगच दुरुस्तीवाल्याकडे जातो. पण दारातली जुनी डिझेल गाडी कुरकुरू लागली की मात्र "त्यातलं आपल्याला काय कळतंय?" म्हणून गप्प बसतो. खरं तर या गाडीतूनच आपली मुलं आणि सासूबाई प्रवास करतात. म्हणून थोडं कळून घ्यायलाच हवं.

आमची गाडी पंधरा वर्षांच्या घरातली. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर तिचं ब्रेकचं पेडल दगडासारखं कडक झालं, पिकअप गेला आणि मागून काळा धूर येऊ लागला. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला सासरी जायचं होतं. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, "बूस्टर आणि पंप दोन्ही नवे टाका. धुराचं म्हणाल, तर ईजीआर बंद करून टाकतो." आकडा ऐकून ह्यांनी गाडी विकायचाच विचार बोलून दाखवला. मी म्हटलं, आधी शाळेजवळच्या म्हाताऱ्या मिस्त्रींना दाखवू.

त्यांनी जे समजावलं ते तुम्हालाही सांगते. ब्रेक हलका लागावा म्हणून बूस्टर असतो, पेडलच्या पुढे इंजिनाच्या बाजूला बसवलेला मोठा गोल डबा. तो हवेच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर चालतो. पेट्रोल गाडीत ही ओढ इंजिनातच तयार होते. डिझेलमध्ये ती पुरेशी होत नाही, म्हणून वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीला असतो. पंपापासून बूस्टरपर्यंत रबरी नळी जाते, आणि तिलाच फुटलेल्या बारीक नळ्या काही गाड्यांत ईजीआर नि टर्बोकडे जातात. त्यामुळे एक नळी चिरली तरी ब्रेक आणि पिकअप दोन्ही बिघडू शकतात!

याची परीक्षा घरच्या घरी होते. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढून, न्यूट्रलमध्ये ठेवा. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबा. ते कडक झालं की तसंच दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल थोडं खाली गेलं तर ओढ पोचते आहे. नाही गेलं, तर नळी, तिच्यातला एकेरी व्हॉल्व्ह, पंप किंवा बूस्टर यांत दोष आहे. तपासायचं मात्र याच क्रमाने, स्वस्तापासून महागाकडे. इंजिन थंड आणि बंद असताना नळी टोकांपाशी वाकवून पाहा. चिरा दिसतात, किंवा तेल पिऊन ती लिबलिबीत झालेली असते. चालू इंजिनाजवळ बारीक "स्स्स" ऐकू आलं तरी ओळखावं. पण पदर, ओढणी, वेणी पट्ट्यापासून लांब ठेवा हं!

आमची नळी बूस्टरच्या तोंडाशी चिरली होती. पंप ठणठणीत होता. नवी नळी व्हॅक्यूमसाठीचीच घ्यावी. साधी पाण्याची नळी ओढीने चपटी होते.

आता धुराकडे वळू. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. आधी एअर फिल्टर पाहावा. निळसर धूर असेल तर इंजिन ऑईल जळतं आहे. ईजीआर धुरातला थोडा भाग परत इंजिनात सोडतो. त्याने आतली उष्णता कमी होते आणि नायट्रोजनचे विषारी वायू कमी तयार होतात. काजळीने तो उघडाच अडकला की काळा धूर येतो. आमचं तेच झालं होतं. मिस्त्रींनी तो काढून खरवडून धुतला, नवं गॅस्केट टाकलं, आणि पीयूसीही मिळालं. आमच्यासारख्या भारत स्टेज-३ गाडीला धुराची मर्यादा ६५ एचएसयू, आणि तपासणी दर सहा महिन्यांनी.

ईजीआर पत्रा लावून बंद केला असता तरी धूर थांबलाच असता. पण न दिसणारा वायू वाढला असता. केर सतरंजीखाली लोटला म्हणून घर झाडलं असं होत नाही ना? शाळा सुटताना फाटकाशी उभी असलेली मुलं तोच वायू हुंगतात. त्यांतली दोघं माझ्या वर्गात पंप घेऊन बसतात, दम्याचा.

तेव्हा भगिनींनो, दोन गोष्टी पदराला गाठ मारून ठेवा. पेडल कडक झालं तर ब्रेक लागतो, पण फार जोर लावावा लागतो. अशी गाडी घाटात नेऊ नये, मग सण असो की लग्न. आणि गॅरेजमध्ये "नवा पंप" असं ऐकलंत, तर आधी एवढंच विचारा, "नळी पाहिलीत का?"